उणे दोन गुणांची पार्श्वभूमी

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता डॉक्टर गुण मोजून काढतात, आणि त्यातल्या एका मुद्द्याला दोन गुण वजा होतात. वाद त्या मुद्द्याचा आहे. शिरेत रक्त साकळण्याची तीन कारणे १८५६ पासून सांगितली जात आहेत, आणि पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का ते पाहण्याची चाचणी १९४० च्या दशकातली. ही चाचणी आजही वॉर्डात केली जाते, खरे तर ती केव्हाच बाद व्हायला हवी होती. गुठळी नसतानाही पोटरी दुखते आणि असतानाही दुखत नाही. खात्री हवी असेल तर शिरेत डाय सोडून एक्स-रे काढायचा. तो त्रासदायक असे आणि डायमुळेच कधी नवी गुठळी होई. ऐंशीच्या दशकात सोनोग्राफीने हा प्रश्न बराचसा सोडवला, पण दुसरा उभा राहिला. संशयितांपैकी बहुतेकांना गुठळी नसतेच, मग सगळ्यांची सोनोग्राफी का करायची आणि आठवड्याने पुन्हा का बोलवायचे?

त्यातून कॅनडातल्या डॉक्टरांनी गुणांकन बांधले, त्यालाच आपण वेल्स स्कोर म्हणतो. १९९५ ची पहिली यादी किचकट होती. १९९७ मध्ये ५९३ रुग्णांवर तपासलेली सुटसुटीत आवृत्ती आली. शून्य किंवा कमी गुण असलेल्यांत ३ टक्के, एक-दोन गुणांत १७ टक्के आणि तीन किंवा जास्त गुणांत ७५ टक्के लोकांना गुठळी निघाली. त्या नऊ मुद्द्यांपैकी आठांना प्रत्येकी एक गुण. बहुतेक मुद्दे हाताने तपासता येतात. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली पेनाने खूण करायची, दोन्ही पोटऱ्यांना टेप लावायची, फरक तीनपेक्षा जास्त भरला की एक गुण.

नववा मुद्दा मात्र टेपने मोजता येत नाही. ‘दुसरे निदान किमान तितकेच शक्य असेल’ तर दोन गुण वजा. तितकेच म्हणजे कितपत? गुठळीची शक्यता काढण्यासाठी आपण गुण मोजतो, आणि हा गुण द्यायचा तर ती शक्यता आधीच मनात ठरलेली हवी. वाद इथेच आहे. समर्थक म्हणतात, अनुभवी डॉक्टरची नजर स्कोरमध्ये शिरण्याची ही एकमेव खिडकी आहे, ती बंद केली की यादी आंधळी होते. ते खोटे नाही. पण त्याच खिडकीतून दोन डॉक्टर एकाच पायाला वेगवेगळे गुण देतात. नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांसाठी २००५ मध्ये जो नियम आला, त्यात हा मुद्दाच ठेवला नाही. पायाला मार लागलेला नसणे हा त्यात ठोस, विचारून कळणारा निकष आहे.

आपल्याकडे हे आणखी अवघड होते. विदर्भात हत्तीरोगाचा पट्टा आहे. त्यातही दिसते ते हेच: एक पाय सुजलेला, लाल, तापलेला, बोटाने दाबले की खड्डा पडणारा. दुसरे निदान ‘तितकेच शक्य’ म्हणायला इथल्या डॉक्टरला फार विचार करावा लागत नाही, आणि दोन गुण सहज उतरतात.

२००३ मध्ये ‘पूर्वी गुठळी झाली होती’ हा दहावा मुद्दा आला आणि तीन गटांचे दोन झाले. दोन किंवा जास्त गुण म्हणजे संभाव्य, कमी म्हणजे असंभाव्य. असंभाव्य गटात डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात उतरणारा घटक मोजणारी तपासणी) निगेटिव्ह आला तर सोनोग्राफीशिवाय घरी. या ‘असंभाव्य’ गटातही साधारण वीसात एकाला गुठळी असतेच, हे शब्दावरून कुणाला कळत नाही. २०१४ च्या एकत्रित विश्लेषणात कॅन्सरच्या रुग्णांना हा मार्ग सुरक्षित नसल्याचे दिसले. त्यांच्यासाठी थेट सोनोग्राफीच बरी.

अलीकडे डी-डायमरची मर्यादाच स्कोरवर ठरवण्याची पद्धत पुढे आली. २०२२ च्या एका अभ्यासात मध्यम शक्यतेसाठी ५०० आणि कमी शक्यतेसाठी १००० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) अशी रेषा आखली, आणि त्यासाठी पुन्हा तीन गट घेतले. म्हणजे दोन गुणांच्या पायाला कुणी ‘सेल्युलायटिस (त्वचेचा जंतुसंसर्ग) वाटतोय’ म्हटले की गुण शून्यावर येतात आणि ८०० चा जो रिपोर्ट कालपर्यंत सोनोग्राफीला पाठवत होता, त्यावर आता रुग्ण घरी जातो.