खुब्याचा सांधा कधी बदलायचा आणि कागद कधी काढायचे : योजना, पात्रता, कागदपत्रे

पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला डॉक्टर "खुबा बदलावा लागेल" असं सांगतात, तेव्हा घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. आत्ताच करायचं की थांबायचं, आणि पैसे कुठून आणायचे. बहुतेक घरांत पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावरून ठरतं. सरकारी योजनेच्या कार्डावर होतंय ना, मग उरकून टाका. किंवा कार्ड नाही, मग अजून दोन वर्षं गोळ्यांवर काढू. मला हे दोन्ही पटत नाही. ऑपरेशनची वेळ दुखण्यावरून ठरावी. कागदांची तयारी मात्र सांधा झिजल्याचं पहिल्यांदा कळलं त्याच आठवड्यात सुरू करावी. दाखला निघाला नाही म्हणून चालता माणूस अंथरुणाला खिळावा, यासारखी टाळता येण्याजोगी दुसरी गोष्ट नाही.

आधी दुखण्याचं

खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं. म्हणून कित्येकजण आधी गुडघ्यावरच उपचार घेत राहतात. मोजे घालताना वाकता न येणं, मांडी घालून बसता न येणं, रिक्षात पाय उचलून ठेवावा लागणं, ही खरी खुब्याची लक्षणं. आपल्याकडे मध्यमवयात खुबा खराब होण्यामागे नुसती वयोमानाची झीज क्वचित असते. खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा बंद पडणं हे मोठं कारण. त्याला एव्हीएन म्हणतात. स्टेरॉइडचा वापर आणि दारू यांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. त्याखेरीज आमवात, कण्याचा आखडणारा संधिवात, जुना अपघात किंवा लहानपणापासूनचा सांध्यातला दोष ही कारणं असतात.

कारण कळणं महत्त्वाचं, कारण वेळेचं गणित त्यावर आहे. एव्हीएन अगदी सुरुवातीला, गोळा खचून चपटा होण्याआधी सापडला, तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन उपयोगी पडू शकतं. या टप्प्यावर साधा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, एमआरआय लागतो. गोळा एकदा चपटा झाला की तो मार्ग जवळपास बंद होतो.

आता सांधा बदलण्याची वेळ. पन्नाशीतला माणूस विचारतो, "टिकेल किती?" ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवरून २०१९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. म्हणजे पन्नाशीत बदलला तर आयुष्यात पुन्हा एकदा ऑपरेशन लागण्याची शक्यता खरीखुरी आहे, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. याच कारणाने पूर्वी "साठीपर्यंत थांबा" असं सरसकट सांगितलं जायचं. आता तसं कोणी चांगला सर्जन सांगत नाही. फार थांबलं की मांडीचे स्नायू वाळतात, पाय वाकलेल्या अवस्थेत आखडतो, आखूड होतो, कंबर त्याची भरपाई करता करता दुखू लागते. असा पाय ऑपरेशननंतरही पूर्ववत व्हायला वेळ घेतो.

मग कसोटी कोणती? एक्स-रे कितीही खराब दिसला तरी माणूस कामाला जातो आहे, रात्री झोपतो आहे, तर थांबायला हरकत नाही. वजन उतरवणं, फिजिओथेरपी, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी, गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या. पण रात्री कूस बदलताना जाग येते, बस पकडता येत नाही, कामावरचे खाडे वाढलेत, रोज गोळी घेतल्याशिवाय दिवस ढकलत नाही, अशी अवस्था तीन-चार महिने टिकली तर वय पन्नास आहे म्हणून थांबण्यात काही फायदा नाही. रोजच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर उतरतात हेही हिशेबात धरा. आणि ऑपरेशन ठरत असेल तर खुब्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. त्यानंतरच्या तीन महिन्यांत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

योजनेत कोण बसतं

महाराष्ट्रात दोन योजना एकत्र चालतात : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना सुरू झाली. हे पाच लाख दरवर्षी पूर्ण कुटुंबासाठी मिळून असतात. त्याच वर्षात घरात कोणाचं हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी शिल्लक विचारून घ्या.

पात्रतेबाबत एक जुना समज अजून पक्का आहे, की पांढरं रेशन कार्ड असलं की योजना नाही. विस्तारित योजनेत पिवळ्या, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्डांबरोबर पांढरं कार्डही धरलं आहे. वयाची अट नाही. सत्तेचाळीस वर्षांचा गिरणी कामगार आणि बावन्न वर्षांची शिक्षिका, दोघांनाही दार उघडं आहे.

खरी अडचण नावांची

कागद थोडेच लागतात : रेशन कार्ड, आधार, फोटो, आणि वैद्यकीय कागद. अडतं ते नावांवर. रेशन कार्डावर "सुनिता", आधारावर "सुनीता". सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. वडील वारले आणि कार्ड अजून त्यांच्याच नावावर. विभक्त झालेल्या भावांची कार्डं वेगळी केलेलीच नाहीत. शिवाय कार्ड हातात असून उपयोग नाही, ते ऑनलाइन नोंदलेलं असावं लागतं. बारा अंकी क्रमांक घेऊन रेशन दुकानात किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारा, की कार्डात माझं नाव दिसतं का आणि आधार जोडलंय का. ज्या घरात खुब्याचा रुग्ण आहे त्या घराने हे काम आज करावं. नाव चढवायला, कमी करायला, दुरुस्त करायला आठवडे जातात, आणि ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर ते आठवडे फार जड जातात.

यानंतर आयुष्मान कार्ड. आधारावरून ई-केवायसी करून ते निघतं : आपले सरकार सेवा केंद्रात, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे (रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस), किंवा आयुष्मान ॲपवर स्वतः. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असू द्या, ओटीपी त्यावरच येतो.

रुग्णालयात गेल्यावर

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. ओपीडीचा केसपेपर काढायच्या आधी त्याला गाठा आणि एकच प्रश्न नीट विचारा : "खुब्याचा पूर्ण सांधा बदलण्याचं पॅकेज या रुग्णालयात चालू आहे का?" पॅकेज म्हणजे योजनेने खर्चासह ठरवून दिलेला उपचार. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे प्रत्येक उपचार तिथे आहे असं नसतं. प्रत्येकाची मान्यता विशिष्ट शाखांपुरती असते, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले आहेत. हा प्रश्न १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री क्रमांकावर घरबसल्या विचारता येतो. केंद्राच्या योजनेसाठी १४५५५.

होकार मिळाला की आरोग्यमित्र नोंदणी करतो, सर्जन तपासतो, आणि रुग्णालय योजनेकडे ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. सगळे तिला "प्री-ऑथ" म्हणतात. ती येईपर्यंत ऑपरेशनची तारीख पक्की धरू नका. कागद परत येतो तो बहुधा अपुऱ्या वैद्यकीय माहितीमुळे, म्हणून फाइल भरीव ठेवा. दोन्ही खुबे दिसतील असा ओटीपोटाच्या हाडांचा ताजा एक्स-रे, असेल तर एमआरआयचा अहवाल, आजवरच्या औषधांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीच्या नोंदी. सर्जनना विनंती करा की केसपेपरवर दुखणं किती महिन्यांचं, किती चालता येतं, उकिडवं बसता येतं का, कोणते उपचार करून झाले, हे शब्दांत लिहावं. "हिप पेन" एवढ्या दोन शब्दांवर तुमची बाजू मांडली जात नाही.

मंजुरी आल्यावर उपचार बिनपैशाचे असतात. खाट, सर्जनची फी, भूल, औषधं, कृत्रिम सांधा, रुग्णाचं जेवण, घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं, सगळं पॅकेजात धरलेलं आहे. "चांगला सांधा हवा तर वरचे पैसे भरा" असं कोणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी वरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कोणता सांधा बसवणार, सिमेंटचा की विनासिमेंटचा, आणि तरुण वयात तोच का, हे सर्जनना विचारण्याचा मात्र तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि तो वापरावा.

दरम्यान शरीरही तयार करायचं असतं. रक्तातली साखर आटोक्यात, तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद, किडलेले दात आधी काढून किंवा भरून, लघवीतला संसर्ग बरा करून. यातलं काही राहिलं तर मंजुरी हातात असून भूलतज्ज्ञ ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच असतं.

पॅकेज मिळालं नाही तर

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग लोक विसरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये एक बारकावा आहे : दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं, साहित्य आणि इम्प्लांट यांच्या बिलाचा किमान अर्धा भाग भरावा लागतो, आणि इथे सगळ्यात महाग वस्तू सांधाच असतो. म्हणून भरती होण्याआधी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडून सांध्यासह लेखी अंदाजपत्रक घ्या.

लागणारा मुख्य कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतो, साधारण पंधरा दिवस धरा. वैधतेची तारीख दाखल्यावरच छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलच्या ऑपरेशनला चालेलच असं नाही.

मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीच्या यादीत हिप रिप्लेसमेंट आहे. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खाजगी असेल तर अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. मदत थेट रुग्णालयाकडे जाते. बिल भरून घरी आल्यावर हा अर्ज करण्यात अर्थ नाही, तो आधी करायचा.

पगार महिना २१ हजारांपर्यंत असलेल्या कामगाराने आपला ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) क्रमांक आधी बघावा. सेवा दवाखान्यातून संदर्भपत्र घेऊन ईएसआय रुग्णालयात जायचं. याचा मोठा गुण म्हणजे पगाराच्या सुमारे ७० टक्के दराने आजारपणाचा भत्ता, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. खुब्यानंतर उभ्याचं किंवा ओझ्याचं काम असणारा माणूस सहसा तीन महिने कामावर परतत नाही, त्यामुळे ऑपरेशन मोफत होण्याइतकाच हा भत्ता घराला लागतो.

खाजगी मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत सांधेबदलाची प्रतीक्षा, म्हणजे किती महिने दावा करता येत नाही ते, बघा. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते. दुखणं सुरू झाल्यावर पॉलिसी घेत असाल तर ते अर्जात लिहाच. लपवलेला एक्स-रे दाव्याच्या वेळी बाहेर येतो.

ऑपरेशननंतरचा कागद

डिस्चार्ज घेताना एक वस्तू मागून घ्या : बसवलेल्या सांध्याचे स्टिकर. कंपनी, मॉडेल, आकार आणि लॉट नंबर त्यावर छापलेले असतात. ते केसपेपरला चिकटवतात, त्याची प्रत किंवा जादाचं स्टिकर रुग्णाकडे असलंच पाहिजे. २०१० साली एएसआर नावाचे खुब्याचे सांधे जगभर परत मागवले गेले. भारतातही हजारो जणांना ते बसवलेले होते. पुढे नुकसानभरपाईची वेळ आली तेव्हा कित्येक रुग्णांचा माग लागेना. पंधरा-वीस वर्षांनी दुसरं ऑपरेशन लागलं तरी नव्या सर्जनना आत काय बसवलंय हे त्या स्टिकरवरूनच कळतं. मोबाइलमध्ये फोटो काढून दोन माणसांना पाठवून ठेवा.

एव्हीएन असेल तर दुसऱ्या बाजूचा खुबाही पुष्कळदा बिघडतो. त्या बाजूची परवानगी वेगळी मागावी लागते. म्हणून पहिल्या बाजूची पूर्ण फाइल, मंजुरीच्या प्रतीसह, जपून ठेवा आणि नियमित तपासणीला जाताना दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढायला सांगा.