‘शेतजमिनीला बँक हात लावू शकत नाही’ हे अर्धंच खरंय

नोटीस आली तर फेकून द्या, शेतजमीन जप्त होतच नाही, हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. खरं एवढंच की २००२ चा सरफेसी कायदा, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा, कलम ३१ मुळे शेतजमिनीला लागू नाही, म्हणून त्या कायद्याखाली परस्पर ताबा घेता येत नाही. पण महाराष्ट्रात सोसायटीचं पीककर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे जप्ती, लिलाव सगळं आलं, सातबाऱ्यावर बोजा तर आधीच चढलेला असतो. सरकार इथं सोसायटीला पैसे नाही, वसुलीची यंत्रणा देतं. त्यामुळे नोटीस आली की खातेउतारा मागा, व्याज तपासा आणि मुदतीत लेखी म्हणणं द्या.