ट्रामची मार्गिका आणि ट्रामचं प्राधान्य

ट्रामचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, वेगळी मार्गिका द्या, प्रश्न मिटेल. पुढे मार्गिका असूनही ट्राम रखडली की तीच मंडळी म्हणतात, बघा, एवढं प्राधान्य देऊनही हळूच चालते. पण प्राधान्य दिलेलंच नसतं, दिलेली असते फक्त मार्गिका. ही गल्लत सतत वाचनात येते, आणि तिच्यापायी चांगल्या ट्रामसेवा बदनाम होतात याचं मला वाईट वाटतं.

मार्गिका म्हणजे काय, हे पुण्याची बीआरटी पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको. तिथे कठडा घालून रस्त्याचा एक पट्टा फक्त बससाठी राखलेला असतो. तीच कल्पना, फक्त खाली रूळ. ट्राम आणि लाइट रेल (ट्रामचाच नवा, लांब डब्यांचा प्रकार) यांच्यात फरक काय, यावरही लोक तावातावाने भांडतात. डबा किती नवा नि किती लांब यावर शहरातला वेग फारसा ठरत नाही, तेव्हा तो वाद बाजूला ठेवू.

मार्गिकेने ट्रामला जागा मिळते, प्राधान्याने वेळ. आणि वेळ मिळते ती चौकात. दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात कठडा ट्रामला सांभाळतो. चौक आला की कठडा संपतो, आडवी वाहतूक रूळ ओलांडते आणि ट्रामही सगळ्यांसारखी लाल दिव्यापाशी उभी राहते. शहरात चौक दर दोन-चारशे मीटरवर असतात. प्रत्येक ठिकाणी मिनीटभर गेलं तर मधला मोकळा रस्ता वाया गेलाच. प्राधान्य असेल तर ट्राम चौकाजवळ येतेय हे सेन्सर सिग्नलला आधीच कळवतो. मग हिरवा दिवा काही सेकंद लांबतो, किंवा आडव्या रस्त्याचा हिरवा लवकर आटोपतो.

कॅनडातल्या टोरांटो शहरात या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून अलग झालेल्या दिसतात. तिथल्या किंग स्ट्रीटवर ट्रामला कठड्याची मार्गिका नाही, मोटारी त्याच रुळांवरून जाऊ शकतात. पण नोव्हेंबर 2017 पासून बॅथर्स्ट ते जार्विस या भागात मोटारींना बहुतेक चौकांत सरळ जायला मनाई झाली. एक चौक गाठायचा आणि उजवीकडे वळून निघून जायचं. रस्ता गाड्यांना बंद नाही, फक्त आरपार जाण्यासाठी त्याचा उपयोग उरला नाही. रोजचे प्रवासी 72 हजारांवरून 84 हजारांवर गेले आणि एप्रिल 2019 मध्ये प्रयोग कायम झाला. पोलिसांचं लक्ष ढिलं पडलं की गाड्या परत घुसतात, हेही खरं.

त्याच शहरात डिसेंबर 2025 मध्ये फिंच वेस्ट मार्ग सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र रूळ, नव्या गाड्या, सगळं काही. तरी सुरुवातीला सुमारे 10 किलोमीटरला पाऊण तासाहून जास्त वेळ लागायचा आणि लोक जुन्या बसची आठवण काढू लागले. सिग्नलचं प्राधान्य जोरकस नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. नव्या मार्गाला धीर धरा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सिग्नलचा क्रम रूळ टाकण्याआधी ठरायला हवा.

टोरांटोतल्याच स्पॅडिना रस्त्याचा मला विशेष राग येतो. तिथेही रूळ मधोमध, वेगळे. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळणारी मोटार रूळ ओलांडते, आपल्याकडच्या उजव्या वळणासारखी. काही चौकांत या वळणाऱ्या मोटारींना आधी सोडतात आणि ट्राम थांबते. चार मोटारींत पाच-सहा माणसं, ट्राममध्ये शंभरावर. हा क्रम कुठल्या हिशेबाने लावला?

झुरिचने उलटा मार्ग धरला. 1973 मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी फेटाळला आणि 1977 मध्ये ट्राम-बसला वेगवान करण्यासाठी निधी मंजूर केला. शक्य तिथे रूळ वेगळे झाले, पण अरुंद रस्त्यांत आजही ट्राम आणि मोटारी एकत्र चालतात. तिथे सिग्नल ट्रामची वाट मोकळी ठेवतात.

थांब्याची जागाही याच हिशेबात येते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर माणसं चढता-उतरताना हिरवा निघून जातो, दारं मिटतात आणि लाल लागतो. सेन्सरलाही ट्राम नेमकी कधी निघेल याचा अंदाज येत नाही. थांबा चौक ओलांडल्यावरच हवा. किंग स्ट्रीटवर बरेच थांबे असेच पलीकडे हलवले.

मार्गिका लागतच नाही, असं माझं म्हणणं नाही. मोटारींची रांग इतकी लांब असेल की ट्राम सेन्सरपर्यंत पोचतच नाही, तर नुसतं प्राधान्य निरुपयोगी. शिवाय ट्राम बाजूने वळसा घालू शकत नाही, रुळाला चिकटून लावलेली एक मोटार अख्खा मार्ग अडवते. म्हणून रुळालगतचं पार्किंग मी सरसकट बंद करेन. मेलबर्नमध्ये ट्रामच्या जाळ्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मोटारींबरोबर सामाईक आहे. तिथे शहराच्या मध्यभागी अनेक चौकांत उजवीकडे वळणाऱ्या मोटारीने डाव्या कडेला जाऊन थांबायचं आणि सिग्नल बदलताना वळायचं असा नियम आहे. मधले रूळ त्यामुळे मोकळे राहतात. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर मी आधी सिग्नल, वळणबंदी आणि थांब्यांची जागा घेईन. कठड्याचं काँक्रीट त्यानंतर, आणि तेही जिथे रांगा खरोखरच सेन्सरच्या मागे जातात तेवढ्याच पट्ट्यात.