फ्रीराइडची स्की भुसभुशीत बर्फासाठी निवडू नये

स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बिये गावाजवळ बेक दे रॉस हा 3,223 मीटर उंचीचा खडकाळ डोंगर आहे. 1996 पासून तिथे एक्स्ट्रीम व्हर्बिये ही फ्रीराइडची, म्हणजे मोकळ्या डोंगरावरून स्कीने उतरण्याची, स्पर्धा भरते. आखलेली वाट नाही, फाटकं नाहीत आणि त्या उतारावर आधी सराव करायलाही बंदी. स्पर्धक समोरच्या बाजूने दुर्बिणीतून डोंगर न्याहाळतात, उतरायची वाट मनात पक्की करतात आणि दुसऱ्या अंगाने चढून वरून सुटतात. पंच गुण देतात ते वाटेची निवड, ताबा, ओघ, उड्या आणि तंत्र बघून.

अशा ठिकाणी स्की जितकी रुंद तितकी बरी, असं वाटणं साहजिक आहे. हिशोब करून पाहू. सामानासकट 90 किलोचा माणूस 186 सेंमी लांब आणि सरासरी 12 सेंमी रुंद अशा जोडीवर उभा राहिला, तर दर चौरस सेंमीवर साधारण 20 ग्रॅम भार येतो. स्लालमच्या, म्हणजे फाटकांमधून आखूड वळणं घेत जायच्या शर्यतीच्या, 165 सेंमीच्या निमुळत्या जोडीवर तोच भार 32 ग्रॅमच्या आसपास जातो, आणि नुसत्या बुटांवर दोनशेच्या वर. म्हणून रुंद स्की तरंगते. टोक वर वळलेलं असलं, म्हणजे रॉकर असला, तर ते बर्फात घुसत नाही. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने ही कल्पना वॉटर-स्कीवरून उचलली आणि त्यातून 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्पॅच्युला ही उलट्या कमानीची स्की बाजारात आली. आजच्या बहुतेक रुंद स्की तिच्याच वंशातल्या.

पण स्पर्धेतला उतार फार वेळ कोरा राहत नाही. पंधरा-वीस जण उतरले की बर्फ उकरला जातो, वाऱ्याने मधेच कडक पापुद्रा धरलेला असतो आणि कड्यांखाली उड्यांचे खड्डे पडतात. स्कीची खरी परीक्षा तिथे होते. कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, 112 मिमी असेल तर धार पावलाच्या मध्यरेषेपासून 56 मिमी लांब असते. 68 मिमीच्या स्कीत फक्त 34. कडक बर्फावर ही तरफ स्कीला आडवी पाडू पाहते आणि तिचा ताण घोट्यावर नि गुडघ्यावर येतो. त्यामुळे 120 मिमीच्या पुढची स्की स्पर्धेला सहसा नको. 105 ते 115 या पट्ट्यात निवड करावी.

वळणाची त्रिज्या घरीच काढता येते. टोक 138, कंबर 112, शेपूट 128 मिमी रुंद अशी स्की घ्या. टोक आणि शेपटीची सरासरी 133. त्यातून 112 वजा करून निम्मे केले की बाजूच्या कमानीची खोली 10.5 मिमी येते. बर्फाला टेकणारी लांबी दीड मीटर धरा. लांबीच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागलं की साधारण 27 मीटर. त्रिज्या 18 असेल तर सरळ रेषेत वेगाने जाताना स्की स्वतःहून वळायला बघते, एखादी धार अडकते आणि माणूस फेकला जातो. मोठ्या डोंगरावर 22 ते 28 चांगली. वळण आखूड हवं असेल तर स्की घसरवून घ्यायची.

उडीचं गणित निराळं. सहा मीटरवरून पडताना खालचा वेग ताशी 39 किमीच्या आसपास होतो. तीव्र उतारावर त्यातला बराच भाग पुढच्या गतीत मिसळतो, पण उरलेला धक्का शेपटीवर बसतो. शेपूट मऊ असेल तर ती वाकते, माणूस मागे कलतो आणि ढुंगणावर बसतो. ताबा गेला, गुणही गेले. म्हणून शेपूट टणक, टोक किंचित मऊ. वजनाला घाबरू नका. लाकडी गाभ्यावर टाइटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा असलेली, नगाला दोन ते सव्वादोन किलोची स्की खडबडीत बर्फावर थरथरत नाही. हलकी स्की दुकानात हातात घेतली की मोहात पाडते आणि उतारावर टपटपत सुटते.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, स्कीच्या मध्यापासून किती मागे बसवायची? जुन्या वळणाच्या स्कीत 10-12 सेंमी, हवेत फिरणाऱ्यांच्या स्कीत 2-4. मोठ्या डोंगरासाठी मधली जागा बरी. पुढे सरकवली तर वळायला सोपं, पण खोल बर्फात टोक बुडतं. भोकं पाडताना धातूचा पत्रा असेल तर 4.1 मिमीचं ड्रिल आणि 9 मिमी खोली. पत्रा नसेल तर 3.5 किंवा 3.6. पत्र्यात लहान भोक पाडून स्क्रू पिळला तर थर उचलले जातात आणि तिथे फुगवटा येतो.

किती जोर आला की बाइंडिंगने बूट सोडायचा ते ठरवणारा आकडा, म्हणजे डिन, हा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि चालवण्याची पद्धत यांवरून ठरतो. बाइंडिंगवर 16 पर्यंत खुणा आहेत म्हणून 16 वर पिळायचं नाही. पडल्यावर बूट सुटला नाही तर गुडघ्याचा अस्थिबंध तुटू शकतो. उडीनंतर स्की अवेळी निघत असेल तर आकडा वाढवण्याआधी टाचेचा पुढचा दाब, म्हणजे बाइंडिंगचा टाचेकडचा भाग बुटाला पुढे किती दाबतो, ते तपासा. दुसरा बूट वापरून मापं तशीच ठेवणं हे त्याचं नेहमीचं कारण, आणि बुटाखाली गोठलेला बर्फ हे दुसरं.