निनकासी

प्राचीन सुमेरच्या (आजचा दक्षिण इराक) धर्मातील बिअरची व बिअर बनवण्याच्या कामाची देवी. 'एन्की आणि निनहुरसाग' या मिथकात एन्की हा देव निषिद्ध वनस्पती खातो आणि त्याचे आठ अवयव दुखू लागतात. निनहुरसाग ही मातृदेवता एकेका अवयवासाठी एकेक देवता जन्माला घालते; तोंडासाठी निनकासी. सुमेरीत 'का' म्हणजे तोंड, तेव्हा हा नावावरचा श्लेषच. तिच्यावरच्या एका स्तोत्रात मात्र ती एन्की आणि निन्ती यांची मुलगी आहे, आणि मिथकातली निन्ती तर त्याच आठांपैकी एक. सुमेरी वंशावळी अशाच असतात, त्या जुळवत बसू नये. सिराश (सिरिस) ही तिच्या जोडीने येणारी देवता. त्याच प्रदेशातल्या अक्कदी भाषेत बिअर करणाऱ्याला 'सिराशू' म्हणत.

निनकासीविषयीची बहुतेक माहिती इ.स.पू. 1800 च्या सुमाराच्या याच स्तोत्रातून मिळते. मिगेल सिव्हिल यांनी 1964 मध्ये त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्याला सर्रास 'जगातील सर्वांत जुनी पाककृती' म्हणतात, ते सैल बोलणे आहे. त्यात मापे नाहीत, वेळा नाहीत. आहे ती कामांची ओळीने स्तुती.

देवी मोठ्या फावड्याने सुगंधी द्रव्ये घातलेले 'बप्पिर' कालवते आणि मोठ्या भट्टीत भाजते. बप्पिर म्हणजे बिअरची भाकरी, असे बराच काळ मानले गेले. पण हिशेबाच्या मातीच्या पाट्यांत ते भाकरीसारखे नगावर मोजलेले नसते, म्हणून आंबवणासाठी लागणारा भुसभुशीत घटक असावा असे काही अभ्यासक मानतात.

मग माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. मातीने झाकलेल्या जवावर देवी पाणी घालते, कुत्रे त्याची राखण करतात. इथे हात चुकला तर पुढचे सगळे फसते. ढीग हलवला नाही तर आतून तापतो आणि बुरशी धरतो. मोड फार वाढू दिले तर दाण्यातले पिष्ट कोंबच खाऊन टाकतो. माल्ट पाण्यात कालवून ऊब दिली की पिष्टाची साखर होते. हे 60 ते 70 अंश सेल्सिअसला उत्तम साधते. उकळी फुटली तर विकरे (पिष्टाची साखर करणारे घटक) मरतात आणि उरते ती नुसती पेज. शिजलेला लगदा बोरूच्या चटयांवर पसरून निववतात. गोड काढ्यात मध आणि द्राक्षासव घालतात, असे स्तोत्र म्हणते. हा 'मध' खजुराचा पाकही असू शकतो, कारण सुमेरीत दोन्हींना एकच शब्द आहे.

आंबवण्याचे भांडे गोळा करण्याच्या मोठ्या भांड्यावर ठेवतात आणि ते 'मंजुळ आवाज' करते. गाळून ओतलेली बिअर तैग्रिस-युफ्रेटिससारखी वाहते, ही शेवटची उपमा. हॉप्स (बिअर टिकवणारी कडू फुले) नसल्याने ती फार टिकत नसे, लवकर आंबट होई. म्हणून लागेल तशी बनवून ताजी संपवणेच सोयीचे.

न गाळलेल्या बिअरवर कोंडा तरंगत असल्याने ती बोरूच्या नळीने पीत. त्या काळच्या कोरीव मुद्रांवर (शिक्क्यांवर) समोरासमोर बसून एकाच रांजणातून नळ्यांनी ओढणारे लोक दिसतात. ऊर या सुमेरी शहरातल्या पुआबी राणीच्या थडग्यात (इ.स.पू. सुमारे 2500) सोने आणि लाजवर्द (निळे रत्न) यांची नळी सापडली. 1989 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने या स्तोत्रावरून बिअर बनवून पाहिली. तिचे नावही निनकासीच.

गुत्ता बहुधा बाईच चालवी. सुमेरी राजावळीत (राजांच्या यादीत) किश शहराची राणी कुबाबा मुळात गुत्तेवालीच म्हटली आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत या बायांसाठी वेगळी कलमे आहेत: दर फुगवून फसवले तर पाण्यात फेकावे, गुत्त्यात कट शिजला आणि तिने कटवाल्यांना राजवाड्यात नेले नाही, तर देहदंड. कलम 111 उधारीचे आहे: एक पिंप बिअर उधार दिली तर सुगीला 50 सिला, म्हणजे साधारण 50 लिटर धान्य घ्यावे.