३०९ आणि ३६ : ट्रिपलचे दोन विक्रम

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ट्रिपलचा विक्रम कुणाचा, असं विचारलं तर दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात. सॅम क्रॉफर्ड, ३०९. ओवेन ‘चीफ’ विल्सन, ३६. पहिला आकडा कारकिर्दीचा, दुसरा १९१२च्या एका हंगामाचा. गोंधळ नुसत्या नावांचा असता तर सहज सुटला असता. पण हे दोन्ही आकडे एकाच गुणाचे पुरावे म्हणून मांडले जातात आणि तिथे खरी चूक होते.

आधी ट्रिपल कशाला म्हणतात ते पाहू. बॅटर जिथे उभा राहून मारतो ते होम; तिथून पहिला, दुसरा, तिसरा बेस गाठत परत होमला आला की एक धाव. स्वतःच्या फटक्यावर बॅटर तिसऱ्या बेसवर सुरक्षित पोचला की ट्रिपल. दोन बेसमध्ये ९० फूट, म्हणजे एकूण २७० फुटांची धाव. मात्र तिसऱ्या बेसवर पाय लागला म्हणजे खात्यात ट्रिपल पडलाच, असं नाही. क्षेत्ररक्षकाची फेक भरकटली आणि त्यामुळे तिसरा बेस मिळाला, तर स्कोअरर (सामन्याची अधिकृत नोंद ठेवणारा) डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, लिहून पुढे क्षेत्ररक्षकाची चूक नोंदवतो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये ओव्हरथ्रोच्या धावा फलंदाजाच्या नावावर चढतात, इथे तसं नाही.

स्कोअररची खरी परीक्षा पुढच्या प्रसंगात असते. पहिल्या बेसवर रनर, म्हणजे आधीच बेसवर पोचलेला खेळाडू, आहे. चेंडू दोन आउटफिल्डरच्या (मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकांच्या) मधून कुंपणाकडे गेला. रनर होमकडे धावतोय, फेकही तिकडेच गेली आणि तेवढ्यात बॅटरने तिसरा बेस गाठला. आता स्कोअररने ठरवायचं, की फेक सरळ तिसऱ्या बेसवर आली असती तरी हा पोचला असता का? पोचला असता तर ट्रिपल, नाहीतर डबल आणि ‘फेकीवर पुढे सरकला’ अशी नोंद. घसरत येऊन तिसऱ्या बेसच्या पलीकडे गेला आणि परत बेस धरण्याआधी बाद झाला, तरी डबलच. चेंडू टप्पा खाऊन प्रेक्षकांत गेला तर रनर कितीही वेगवान असो, दोनच बेस. उलट क्षेत्ररक्षकाने चेंडू अडवायला मुद्दाम ग्लोव्ह फेकला आणि तो चेंडूला लागला, तर तीन बेस बहाल होतात आणि स्कोअरबुकात ट्रिपल लागतो.

आता क्रॉफर्ड. १८९९ ते १९१७, आधी सिनसिनाटी रेड्स, १९०३पासून डेट्रॉइट टायगर्स. २,५१७ सामन्यांत ३०९, म्हणजे साधारण आठ सामन्यांना एक. १९०० ते १९१६ या सतरा हंगामांत एकदाही दहाच्या खाली आला नाही. सहा वेळा आपल्या लीगमध्ये पहिला. तरीही त्याचा सर्वोत्तम हंगाम १९१४चा, २६ ट्रिपलचा, विल्सनपेक्षा पूर्ण दहाने कमी. डेट्रॉइटच्या आउटफिल्डमध्ये त्याच्या शेजारी उभा राहणारा टाय कॉब २९५वर थांबला. कारकिर्दीच्या यादीतले पहिले दोघे वर्षानुवर्षं एकाच संघात होते!

विल्सनचं खातं अगदी वेगळं दिसतं. पिट्सबर्ग पायरेट्सकडून १९१२मध्ये १५२ सामन्यांत ३६, चार-सव्वाचार सामन्यांना एक. त्याच्या आदल्या वर्षी १२, पुढच्या वर्षी १४. अख्ख्या कारकिर्दीत ११४, म्हणजे ते एक वर्ष काढलं तर आठ हंगामांत ७८. बहुतेक जण याचं श्रेय फोर्ब्स फील्डला देतात आणि त्यात तथ्य आहे. तिथे डाव्या-मध्य भागातलं कुंपण होमपासून ४६२ फुटांवर होतं आणि ३६पैकी २४ ट्रिपल याच मैदानावरचे. पण १९११ आणि १९१३मध्येही मैदान तेच होतं. त्याच १९१२मध्ये संघातला होनस वॅग्नर, जो कारकिर्दीच्या यादीत २५२सह तिसरा आहे, २०वर राहिला. म्हणून नुसतं मैदान पुरेसं कारण नाही. फटके त्या एका उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा नेमक्या मोकळ्या जागी पडले, असंच म्हणावं लागतं.

दोघांत सारखं काय? दोघे डावखुरे बॅटर, कॉबसुद्धा. डावखुरा बॅटर पहिल्या बेसला एखाद-दोन पावलं जवळ असतो, आणि त्याचा ओढून मारलेला फटका उजव्या कोपऱ्यात जातो. तिथून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक सगळ्यात लांबची. दुसऱ्या बेसकडे येताना चेंडू रनरच्या पाठीमागे असतो, म्हणून तो मान न वळवता तिसऱ्या बेसजवळच्या कोचचे हात पाहतो. मान वळवली की वेग तुटतो आणि तिथेच बाद होतो.

हे विक्रम आता का तुटत नाहीत, याचं कारण वेगाचा अभाव नव्हे. १९२०च्या सुमारास चेंडू लांब जाऊ लागला, कुंपणं जवळ आली. १९०१मधल्या क्रॉफर्डच्या १६ होमरनपैकी (एकाच फटक्यावर होमपर्यंत परत) १२ मैदानातल्या मैदानात धावून काढलेले होते. तसे फटके आज कुंपणापलीकडे जातात. शिवाय प्रशिक्षकांचा हिशेब सोपा आहे. एकही बाद नसताना किंवा दोन बाद असताना तिसऱ्या बेससाठी जीव टाकण्यात फायदा थोडा. एक बाद असेल तरच खरी किंमत, कारण मग उंच फटका झेलला गेला तरी झेलानंतर रनर तिसऱ्या बेसवरून होमला धावून धाव काढू शकतो.

अलीकडच्या काळात कर्टिस ग्रँडरसनने २००७मध्ये २३ मारले, तो हंगाम डोळ्यांत भरला. होसे रेयेस निवृत्त झाला तेव्हा १३१वर होता. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलचा कारकिर्दीचा विक्रम युताका फुकुमोतोचा, तो ११५. एखाद्याने वीस वर्षं, दरवर्षी न चुकता १५ मारले, तरी बेरीज ३०० होते. क्रॉफर्ड तेव्हाही नऊने पुढेच.