कौशल्य (टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ)

कौशल्य, किंवा खेळणाऱ्यांच्या तोंडचा शब्द वापरायचा तर 'स्किल', म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या काल्पनिक साहसाच्या खेळात एखाद्या पात्राला कोणते काम किती जमते याची नोंद. ती पात्राच्या कागदावर, कॅरॅक्टर शीटवर, लिहिलेली असते. भिंत चढणे, दबक्या पावलांनी सटकणे, थाप मारून वेळ निभावणे, जखम बांधणे, जुन्या राजघराण्यांची माहिती असणे अशी कामे त्यात येतात. काम जमेल की नाही याची खरोखर शंका असेल तेव्हा खेळाडू फासा टाकतो, पडलेल्या दानात आपला आकडा मिळवतो आणि निकाल लागतो. शंकाच नसेल तर फासा उचलायचा नसतो. हा भाग नियमपुस्तकात दोन ओळींत असतो आणि टेबलावर सगळ्यात आधी विसरला जातो.

कोल्हापूरच्या माणसाला यातली मूळ कल्पना तालमीच्या भाषेत लगेच उमगते: ताकद वेगळी, डाव वेगळा. जोर-बैठका आणि खुराकाने अंगात येते ती ताकद. वस्तादाने लाल मातीत शंभरदा करून घेतलेला ढाक किंवा घिस्सा हा डाव. खेळात ताकदीच्या जागी मूळ गुण असतात आणि डावाच्या जागी कौशल्ये. १९७४ मध्ये आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने असे सहा गुण ठरवले: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. तेच सहा आजही चालतात. तीन फाशांची बेरीज करण्याच्या जुन्या रीतीमुळे गुणांचा पल्ला ३ ते १८ असा पडला. १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक.

आकडा कसा बसतो

आज बहुतेकांच्या हाती असलेली मांडणी याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीची (२०१४) आहे. तिच्यात १८ कौशल्ये आहेत आणि प्रत्येक कौशल्य एका गुणाला बांधलेले आहे. बुद्धी आणि शहाणपणाला प्रत्येकी पाच, छापेला चार, चपळाईला तीन, बळाला एकच. काटकपणाला एकही नाही, हे पहाटे उठून जोर मारणाऱ्यांच्या गावात जरा खटकतेच.

गुणातून १० वजा करायचे, उरलेल्याचे निम्मे करायचे आणि अर्धा उरला तर खालचा आकडा धरायचा. हा झाला गुणाचा भर. १६ ला +३, १२ ला +१, ८ ला −१. पात्राने ते कौशल्य शिकलेले असेल तर त्यात 'प्रोफिशियन्सी'चा भर मिळतो. पात्र अनुभवाने पातळ्या चढत जाते, त्यात हा भर पहिल्या पातळीला +२ असतो आणि सतराव्या पातळीपासून +६. चोरासारख्या काही वर्गांना (वर्ग म्हणजे पात्राचा पेशा) निवडक कौशल्यांत हा भर दुप्पट मिळतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, सगळे मिळवायचे आणि खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डीएमने, ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे. या आकड्याला डीसी म्हणतात. सोप्या कामाला १०, मध्यमाला १५, अवघडाला २०, जवळजवळ अशक्याला ३०.

फाशावर वीस आले की काम झालेच, असा एक सार्वत्रिक समज आहे. २०१४ च्या नियमांत तो फक्त हल्ल्याला लागू होतो, कौशल्याला नाही. +१ वाल्याने ३० च्या कामाला वीस टाकले तरी एकवीसच होतात. पण टेबलावर वीस पडल्यावर 'नाद खुळा!' म्हणून ओरडणाऱ्याला हे समजावून सांगण्यात हशील नाही. बरेच डीएम गुपचूप देऊन टाकतात.

गडावरची एक रात्र

समजा, राजारामपुरीतल्या एका घरात चौघे खेळायला बसले आहेत. कथेतला गड काल्पनिक आहे, पण त्याचा भूगोल पन्हाळ्याकडून उसना घेतलेला: तीन दरवाजा, अंबरखान्यासारखी धान्याची कोठारे, पाणी लपवून ठेवणारी तीन मजली अंधारबाव. १६६० चा वेढा आणि शिवा काशीद यांचे बलिदान हा प्रसंग फाशावर ठेवण्यासारखा नाही. गडाची वाट मात्र उसनी घ्यायला हरकत नसावी.

चौघांना रात्री पहाऱ्यातून बाहेर पडायचे आहे. पहारेकऱ्यासाठी वेगळा फासा टाकत नाहीत. त्याची सावधगिरी १० अधिक त्याच्या नजरेचा आकडा अशी धरतात. हा जमादार तरबेज आहे, नजर +५, म्हणजे चौघांपुढे १५ चे आव्हान. चोराची चपळाई १६ आणि दबक्या चालीचे शिक्षण, मिळून +५. त्याला फाशावर १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के. लढवय्याची चपळाई १२, शिक्षण नाही, म्हणजे +१. त्याला १४ हवेत: ३५ टक्के. त्यात त्याच्या अंगावर साखळ्यांचे चिलखत आहे. ते खणखणते, म्हणून त्याने फासा दोनदा टाकून कमी पडलेले दान धरायचे. ३५ टक्क्यांचे झाले जेमतेम १२.

आता डीएम म्हणतो, आषाढ आहे, पाऊस धो-धो कोसळतोय. नियमाप्रमाणे मुसळधार पावसात डोळ्या-कानांनी टिपण्याच्या कामाला अडथळा येतो, आणि अशा अडथळ्याने पहारेकऱ्याची सावधगिरी पाचाने उतरते. १५ चे १० झाले. चोर ८० टक्क्यांवर गेला. लढवय्याला आता ९ हवेत, पण दोनदा टाकायचे असल्याने तो ३६ वर. कौशल्याचा खेळ फाशात कमी आणि अशा एकेका वाक्यात जास्त असतो: पाऊस आहे का, मशाल कुठे आहे, चिलखत काढून गाठोड्यात बांधले तर?

इथेच नवख्या डीएमची एक ठरलेली चूक होते. तो चौघांनाही फासा टाकायला लावतो आणि एक जण चुकला की सगळे पकडले गेले म्हणतो. चौघांची शक्यता ५५ टक्के धरली तरी चारही दाने पडण्याची शक्यता ९ टक्क्यांवर येते. म्हणजे नियमांनी पळायची सोय दिली आणि गणिताने काढून घेतली. पाचव्या आवृत्तीत यावर उपाय आहे: निम्म्यांना जमले तर सगळ्यांना जमले. त्याच चौघांची शक्यता मग ७६ टक्के होते. ज्याला जमते तो ज्याला जमत नाही त्याला सांभाळून नेतो, असा त्याचा अर्थ.

कुस्ती आणि वीस बाजूंचा फासा

बळाच्या वाट्याला जे एकच कौशल्य येते, त्यात चढणे, पोहणे, उड्या मारणे आणि झोंबी असे सगळे कोंबलेले आहे. २०१४ च्या नियमांत पकड धरायची तर धरणाऱ्याने हे कौशल्य टाकायचे आणि समोरच्याने तेच किंवा कसरतीचे. ज्याचे जास्त त्याची सरशी. ढाक, कलाजंग, एकेरी पट, बगलडूब हे सगळे डाव एका आकड्यात विरघळतात. २०२४ च्या सुधारित नियमांत तर पकड धरण्याचा कौशल्याशी संबंधच उरलेला नाही. समोरच्याने फक्त बळ किंवा चपळाईवर बचावाचा फासा टाकायचा.

याहून मोठी अडचण फाशाची आहे. वस्तादाचा आकडा +१० आणि नव्या पोराचा +२ धरला, आणि दोघांनी एकेक फासा टाकला, तर पोरगा ४०० पैकी ६६ वेळा जिंकतो. म्हणजे साधारण दर सहा कुस्त्यांत एकदा. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२ पासून कुस्त्या होत आहेत. तिथल्या कुठल्याही जुन्या प्रेक्षकाला विचारावे की नवशिक्या पोराने सहाव्या कुस्तीला हिंदकेसरीला आस्मान दाखवणे कितपत शक्य आहे. एक फासा सपाट असतो, १ आणि २० यांची शक्यता सारखीच. म्हणून पाचाचा फरकसुद्धा केवळ २५ टक्क्यांचा ठरतो.

तीन फासे मिळून टाकले की बेरीज मध्यावर गर्दी करते. १९८६ चा 'गर्प्स' हा खेळ त्यावर उभा आहे. त्यात तीन फाशांची बेरीज आपल्या आकड्याइतकी किंवा कमी आली की काम जमले. आकडा १० असेल तर ५० टक्के, १२ ला ७४, १४ ला ९१. शिकलेला माणूस सहसा चुकत नाही, न शिकलेला सहसा जिंकत नाही. कुस्तीला हे जास्त जवळचे. पण ज्यांना टेबलावर आरडाओरडा हवा असतो, ते वीस बाजूंचाच फासा धरून बसतात आणि त्यांचेही अगदीच चूक नाही.

चोराच्या टक्क्यांपासून

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात कौशल्ये नव्हतीच. लढवय्या, जादूगार आणि पुरोहित असे तीन वर्ग होते. बाकीचे खेळाडूने तोंडाने सांगायचे. फरशी काठीने ठोकून पाहतो, दिव्याची ज्योत कुठे हलते ते बघतो. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हा वर्ग आला आणि त्याच्याबरोबर कुलूप उघडणे, सापळा काढणे, सावलीत लपणे यांचे टक्केही आले. चोराला लपण्याचा टक्का मिळाला, मग इतरांना लपता येते की नाही? ज्याच्या कागदावर कामाचे नाव नाही त्याला ते येत नाही, ही समजूत तिथून रुजली आणि पुढे पन्नास वर्षांत पुरती गेली नाही.

महाभारतातला अज्ञातवास हे या प्रश्नाचे आपल्याकडचे चांगले उत्तर आहे. विराटाच्या घरी युद्धाचे गुण लपवावे लागले, तेव्हा भीमाला स्वयंपाक, नकुलाला घोडे, सहदेवाला गाई, अर्जुनाला नृत्य आणि युधिष्ठिराला द्यूत कामी आले. वर्ग एकच, क्षत्रिय. कागदावरची कौशल्ये पाच तऱ्हांची.

१९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने वर्गच काढून टाकले आणि सगळा खेळ टक्क्यांतल्या कौशल्यांवर बसवला. त्याची शिकण्याची रीत आजही सगळ्यात पटण्यासारखी आहे: साहसात एखादे कौशल्य वापरून यश आले की त्यापुढे खूण करायची आणि शेवटी फासा टाकायचा. दान सध्याच्या आकड्याच्या वर पडले तरच आकडा वाढतो. कच्चा गडी भराभर शिकतो, मुरलेल्याला एकेक टक्का जड जातो. वस्तादांना हे वेगळे सांगायला नको.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' मात्र उशिरा वळला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत दर पातळीला कौशल्यांवर वाटायचे पॉइंट द्यायची पद्धत आली. कौशल्यांची यादी चाळिशीपार गेली आणि लपणे वेगळे, आवाज न करणे वेगळे, पाहणे वेगळे, ऐकणे वेगळे झाले. गुपचूप जायला दोन फासे, म्हणजे फसायच्या दोन संधी. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने यादी १७ वर आणली.

बोलणारा खेळाडू, मुका आकडा

भिंत चढताना खेळाडूला प्रत्यक्ष चढावे लागत नाही. बोलताना मात्र त्याला बोलावेच लागते, आणि या खेळातले सगळ्यात जुने भांडण इथले आहे. वक्तृत्व स्पर्धेत ढाली जिंकलेला पोरगा छाप ८ असलेला आडमुठा सैनिक घेऊन बसतो आणि दरबारात असे बोलतो की डीएमच विरघळतो. शेजारी छाप १८ ची राजदूत घेतलेली मुलगी दोन वाक्यांत अडखळते. आकड्याला मान द्यायचा की बोलण्याला?

'भावा, बोललास भारी, पण आता टाक,' हा यावरचा कोल्हापुरी तोडगा बरा आहे. काय बोललास यावरून डीसी ठरते, कसे बोललास यावरून नाही. किल्लेदाराच्या मुलाचे लग्न ठरले आहे हे ओळखून कुणी तो धागा धरला, तर १५ चे १० होतात, मग वाक्य अडखळत का म्हटलेले असेना. ठसक्यात बोललेल्या पोकळ भाषणाला १५ चे १५ च. कुस्तीतही प्रेक्षकांना शड्डूचा आवाज आवडतो, पंचाला तो मोजता येत नाही.

काही नव्या खेळांनी प्रश्न दुसरीकडून सोडवला. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) आणि त्याच्या वळणाच्या खेळांत दोन फासे टाकतात: १० किंवा वर आले तर जमले, ७ ते ९ आले तर जमले पण काहीतरी मोजावे लागले, ६ किंवा खाली आले तर सूत्रे डीएमकडे. तिथे 'नाही जमले, पुढे?' असा रिकामा क्षण उरत नाही.

हत्यारे

पाचव्या आवृत्तीत कौशल्यांच्या यादीबाहेर हत्यारांचे एक वेगळे खाते आहे: सुताराची, लोहाराची, कातडे कमावणाऱ्याची, चांभाराची. त्यांचे शिक्षण असले की तोच प्रोफिशियन्सीचा भर मिळतो, पण कोणत्या गुणाबरोबर जोडायचा ते प्रसंग पाहून ठरवायचे. बहुतेक टेबलांवर हे खाते धूळ खात पडते. कोल्हापुरात पडू नये. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेमागे कातडे कमावणे, कापणे, वेणी घालणे, शिवणे असा कामांचा लांबलचक धागा आहे, आणि रापी-आरी हाती घेतलेले पात्र गडावरच्या त्या रात्री लढवय्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरू शकते. चौघांच्या तळव्यांखाली मऊ कातड्याचा एक जादा थर टाकायचा, कुठेही खिळा नाही, दगडावर आवाज नाही. पुस्तकात याचा नियम नाही. डीएमने चपळाई आणि चांभाराची हत्यारे मिळून एक फासा मागायचा, डीसी १५. जमले तर साखळ्यांच्या चिलखतातल्या गड्याने दुसरा फासा टाकायची गरज नाही.